मागितले एक एमबी, मिळाले किती?

सदर : सर्व्हररूममधून

मागच्या अंकात लिनक्सवर एनएफएसचं (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायची पद्धत) शेअर माउंट कसं करायचं, म्हणजे आपल्या मशीनला कसं जोडायचं, ते लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘आरसाइझ आणि डब्ल्यूसाइझ शक्यतो लिहूच नका, क्लायंट आणि सर्व्हर आपसात ठरवतात.’ या एका वाक्यावर आलेली पत्रं बाकी सगळ्या लेखावरच्या पत्रांपेक्षा जास्त निघाली. म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. एनएफएसचा क्लायंट सर्व्हरकडून फाइल एकदम आणत नाही, तुकड्यातुकड्यांनी आणतो. वाचताना एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मागायचे ती मर्यादा म्हणजे आरसाइझ, लिहिताना एका रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त किती बाइट पाठवायचे ती डब्ल्यूसाइझ. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिले आहेत. लिफ्टमध्ये ‘८ माणसं’ अशी पाटी असते, म्हणून लिफ्ट आठ जण जमेपर्यंत थांबत नाही. पुढच्या निम्म्या पत्रांचं उत्तर एवढ्यातच आहे. (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे छापली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

प्रश्न : आमच्या वाचनालयात जुनी हस्तलिखितं स्कॅन करायचं काम चालू आहे. एकेक पान टिफमध्ये साधारण ९० एमबीचं होतं. सर्व्हर म्हणून २ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ आणि यूएसबीवर हार्ड डिस्क आहे. एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलीत) मी आरसाइझ=१०४८५७६, डब्ल्यूसाइझ=१०४८५७६ लिहिलं, पण माउंट झाल्यावर दोन्हीकडे २६२१४४ दिसतं. आकडा कोण बदलतं? वेग ३५ एमबी प्रति सेकंदाच्या वर जात नाही, तो यामुळेच का? — एक वाचक, सांगली

आकडा सर्व्हरनं बदलला, आणि तो त्याचा हक्कच आहे. माउंट होताना क्लायंट सर्व्हरला त्याच्या मर्यादा विचारतो. १९९५ साली आलेल्या आवृत्ती ३ मध्ये यासाठी एफएसइन्फो नावाचा वेगळा कॉल आहे. आवृत्ती ४ मध्ये हीच माहिती मॅक्सरीड आणि मॅक्सराइट या गुणधर्मांतून मिळते. तुम्ही एफएसटॅबमध्ये लिहिलेला आकडा आणि सर्व्हरनं सांगितलेला आकडा, यांतला लहान तो लागू होतो. एरर येत नाही, सूचनाही येत नाही. म्हणून एफएसटॅबवर विसंबू नका, ‘एनएफएसस्टॅट -एम’ किंवा ‘/प्रॉक/माउंट्स’मध्ये काय दिसतं ते बघा. तुम्ही ते बघितलंत, हे फार चांगलं केलंत.

आता नेमका २६२१४४ का? लिनक्सचा सर्व्हर सुरू होताना स्वतःची रॅम बघतो आणि तिचा ४०९६वा भाग ही आपल्या मर्यादेची कमाल धरतो. ४ जीबीचा ४०९६वा भाग म्हणजे बरोबर १ एमबी, आणि त्याच्या वर तो आपणहून जात नाही. २ जीबीचा हिशोब ५१२ केबी येतो. पण कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि ग्राफिक्स आपला वाटा आधीच उचलतात, त्यामुळे हाताशी राहणारी रॅम २ जीबीपेक्षा थोडी कमी भरते. मग सर्व्हर १ एमबीपासून निम्मं निम्मं करत खाली येतो आणि ५१२ केबी जेमतेम न बसल्यामुळे २५६ केबीवर थांबतो. २५६ केबी म्हणजेच २,६२,१४४ बाइट. याच कारणानं ४ जीबीच्या मशीनवर १ एमबीऐवजी ५,२४,२८८ दिसतं आणि लोक बिघाड शोधत बसतात. बिघाड काही नसतो. सर्व्हरचा प्रत्येक थ्रेड (रिक्वेस्ट हाताळणारा कामगार) एवढ्या आकाराची एक रिक्वेस्ट मावेल इतकी जागा राखून ठेवतो, त्यामुळे लहान मशीननं हात आखडता घेणं योग्यच आहे.

ही मर्यादा वाढवता येते. सर्व्हरवर ‘/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/मॅक्स_ब्लॉक_साइझ’ या फाइलीत आकडा लिहायचा, तोही एनएफएसचे थ्रेड सुरू होण्याआधी. चालू सर्व्हरवर लिहायला गेलात तर कर्नल ‘बिझी’ म्हणून परत पाठवतो. पण तुमच्या जागी मी असते तर याला हातही लावला नसता. हिशोब बघा. ९० एमबीच्या पानाला २५६ केबीनं ३६० रिक्वेस्ट लागतात, १ एमबीनं ९०. एका खोलीतल्या गिगाबिट नेटवर्कवर जाऊन येऊन समजा ०.३ मिलिसेकंद लागतात. रिक्वेस्ट एकामागून एक अशाच गेल्या असत्या तरी फरक पडला असता सेकंदाच्या बाराव्या भागाचा. प्रत्यक्षात क्लायंट एका वेळी अनेक रिक्वेस्ट सोडतो, त्यामुळे तेवढाही उरत नाही.

तुमच्या पत्रात मला खटकला तो दुसराच आकडा, ३५ एमबी. गिगाबिट नेटवर्क याच्या तिप्पट सहज देतं आणि यूएसबीवरची साधी हार्ड डिस्कही शंभरच्या आसपास देते. ३५ ते ४० ही यूएसबी २ ची ओळखीची चाल आहे. पाय ४ वर चार पोर्ट असतात, दोन निळे आणि दोन काळे. निळे यूएसबी ३ चे, काळे यूएसबी २ चे. डिस्क कुठल्या पोर्टमध्ये खोचली आहे ते आज बघा. केबल आणि डिस्कची पेटीही यूएसबी ३ चीच हवी. त्यानंतर सर्व्हरवरच बसून, मध्ये नेटवर्क न आणता, डिस्कवर एक मोठी फाइल ‘डीडी’ या आज्ञेनं लिहून बघा, ‘कॉन्व=एफसिंक’ लावून, म्हणजे डिस्कवर पोहोचेपर्यंतचा वेळ मोजला जाईल. तिथेही ३५च आले तर एनएफएसला दोष देण्यात अर्थ नाही.

हस्तलिखितांचं काम मोलाचं आहे, म्हणून न विचारता एक सांगते. एक्सपोर्ट्समध्ये (सर्व्हरवरच्या शेअरच्या यादीत) ‘सिंक’ असेल तर ते तसंच ठेवा. वेग वाढवायला ‘असिंक’ करा असा सल्ला कुणी ना कुणी देईल. त्यात सर्व्हर डिस्कवर पोहोचण्याआधीच ‘लिहिलं’ असं सांगून मोकळा होतो. त्या क्षणी वीज गेली तर पान गेलं, आणि गेलं हे कुणाला कळतही नाही.

प्रश्न : दोन्ही ऑप्शनमध्ये ५१२ लिहिलं, म्हणजे ५१२ केबी. तेव्हापासून एनएफएस गोगलगायीसारखं चालतं. — एक वाचक, अकोला

हे आकडे केबीत नसतात, बाइटमध्ये असतात. तुम्ही ५१२ बाइट मागितलेत. लिनक्सचा क्लायंट १,०२४ पेक्षा लहान आकडा स्वीकारत नाही आणि त्याऐवजी ४,०९६ धरतो. ‘एनएफएसस्टॅट -एम’मध्ये तुम्हाला ४०९६ दिसत असणार. म्हणजे ४ जीबीच्या एका फाइलीला दहा लाखांवर रिक्वेस्ट. दुसऱ्या टोकाला १ एमबीपेक्षा मोठा आकडा लिहिला तर तो १०,४८,५७६ वर आणला जातो. मधला कुठला आकडा लिहायचाच असेल तर दोनाच्या पटीत दुणावत जाणारा लिहा, ६५५३६, १३१०७२, २६२१४४ असा. १००००० सारखा गोल आकडा कर्नल आपल्या सोयीनं खाली ओढतो, आणि किती खाली ते कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे बदलतं.

दुरुस्त करताना ‘रीमाउंट’च्या भरवशावर राहू नका. चालू माउंटचा आरसाइझ किंवा डब्ल्यूसाइझ रीमाउंटनं बदलत नाही. आधी अनमाउंट, मग नव्यानं माउंट. त्या दोन्ही ऑप्शन पुसूनच टाका.

प्रश्न : आमच्याकडे ‘यूडीपी, आरसाइझ=८१९२, डब्ल्यूसाइझ=८१९२’ ही ओळ वर्षानुवर्षं कॉपी होत आली आहे. नवीन मशीनवर यूडीपीनं माउंटच होत नाही. ८१९२ तरी ठेवावं का? — एक वाचक, नागपूर

ही ओळ ज्यानं कुणी पहिल्यांदा लिहिली त्यानं विचार करूनच लिहिली होती, म्हणून कारण सांगते. आवृत्ती २, जिचा आराखडा आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १०९४ म्हणून १९८९ साली प्रसिद्ध झाला, तिच्यात एका रिक्वेस्टमध्ये ८,१९२ बाइटच्या वर जाताच येत नव्हतं. नेहमीचा वाहक यूडीपी, म्हणजे पॅकेट पोहोचलं की नाही याची खात्री न करणारी पद्धत. इथरनेटच्या पॅकेटमध्ये १,५०० बाइट मावतात, म्हणजे ८ केबीच्या एका रिक्वेस्टचे सहा तुकडे होतात. सहापैकी एक हरवला की सगळीच्या सगळी रिक्वेस्ट पुन्हा. पुढे आवृत्ती ३ मध्ये ३२ केबी शक्य झाले, तेव्हा तुकडे झाले तेवीस, आणि धोका त्या प्रमाणात वाढला. त्या काळी मुरलेले लोक ८१९२ वरच थांबायचे ते याच हिशोबानं.

टीसीपीवर, म्हणजे आजच्या नेहमीच्या वाहकावर, हा हिशोब लागू नाही. हरवलेला भाग टीसीपी स्वतः पुन्हा पाठवतो, बाकी रिक्वेस्टला धक्का लागत नाही. त्यामुळे ८१९२ ठेवायला आज काहीही कारण नाही. दोन्ही काढा.

यूडीपीबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहायच्या आहेत. २०२० च्या ५.६ कर्नलपासून एनएफएसच्या क्लायंटमध्ये यूडीपी मुळातच बंद ठेवलेलं असतं, आणि ते फक्त जुनं झालं म्हणून नव्हे. तुकडे पुन्हा जोडताना कुठला तुकडा कुठल्या रिक्वेस्टचा हे १६ बिटांच्या ओळख क्रमांकावरून ठरतं. असे क्रमांक ६५,५३६ च. भरून वाहणाऱ्या गिगाबिट लाइनवर ८ केबीच्या साधारण पंधरा हजार रिक्वेस्ट दर सेकंदाला जातात. म्हणजे चार-पाच सेकंदांत क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. आणि लिनक्स अपुरे तुकडे उरलेल्यांची वाट बघत तीस सेकंद जपून ठेवतं! एका रिक्वेस्टचं शेपूट दुसऱ्या रिक्वेस्टच्या धडाला जोडलं जाऊ शकतं, आणि १६ बिटांची चेकसम (बाइट बदलले का ते तपासायची बेरीज) ते प्रत्येक वेळी पकडेलच असं नाही. फाइलीत चुकीचे बाइट जातात आणि कुठेही लाल अक्षर दिसत नाही. तुमच्या जुन्या मशीनवर ती ओळ अजून चालू असेल, तर नवीन मशीनची काळजी नंतर करा, आधी जुन्यांवरून यूडीपी काढा.

प्रश्न : आमचा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. सर्व्हर आणि दोन्ही एडिट मशीनवर जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) चालू केल्यापासून माउंट होतं, ‘एलएस’ चालतं, पण क्लिप कॉपी करायला गेलं की सगळं लटकतं. आमच्या मुलानं दोन्ही ऑप्शन १०२४ केल्या तर चालायला लागलं, पण फार हळू. मग किती ठेवावं? — एक वाचिका, ठाणे

कितीही ठेवू नका, मॅडम. तुमच्या मुलानं उपाय शोधला नाही, पण निदान अचूक केलं.

लहान रिक्वेस्ट जाते आणि मोठी अडकते, हे रस्त्यात कुठेतरी पॅकेटचा आकार आडवा येत असल्याचं लक्षण आहे. तुम्ही दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल, ९००० केलात. जोडणी होताना दोन्ही टोकं एकमेकांना सांगतात, ‘मी मोठी पॅकेट घेतो.’ मधला स्विच या बोलण्यात नसतो. त्याच्यावर जम्बो फ्रेम चालू नसेल तर मोठी फ्रेम तो गुपचूप टाकून देतो. उत्तर नाही, तक्रार नाही. माउंटची देवाणघेवाण आणि छोट्या फोल्डरची यादी काहीशे बाइटमध्ये बसते, म्हणून ती सुखरूप जाते. हजार फाइली असलेल्या फोल्डरवर ‘एलएस’ करून बघा, तेही लटकेल. १०२४ केल्यावर डेटा आणि वरचं हेडर मिळून १,५०० च्या आत मावतं, म्हणून कसंबसं चालतं.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. एडिट मशीनवरून सर्व्हरला ‘पिंग -एम डू -एस ८९७२’ करा. ८,९७२ मध्ये २० आणि ८ बाइटची हेडर मिळवली की ९,००० होतात, आणि ‘-एम डू’ म्हणजे तुकडे करायला मनाई. हे गेलं नाही आणि ‘-एस १४७२’ गेलं, तर दोषी सापडला. मग दोनच रस्ते आहेत. मधल्या प्रत्येक स्विचवर जम्बो फ्रेम चालू करा, किंवा सगळीकडे १५०० वर परत या. साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचवर पहिला रस्ता बहुधा बंदच असतो. माझं मत विचाराल तर १५०० वर परत या. गिगाबिटवर जम्बो फ्रेमनं मिळणारा फायदा एवढा नाही, की त्यापायी क्लिप अडकून राहाव्यात.

लटकलेल्या वेळी लॉगमध्ये ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’ असं आलं असेल. ते वाचून माउंटला ‘सॉफ्ट’ लावायचा मोह होतो. लावू नका. हार्ड माउंट सर्व्हर परत येईपर्यंत थांबतं. सॉफ्ट माउंट ठरावीक प्रयत्नांनंतर प्रोग्रामच्या हातात एरर देऊन मोकळं होतं. लिहिता लिहिता आलेल्या एररकडे बरेच प्रोग्राम बघतही नाहीत, आणि अर्धवट क्लिप पूर्ण झाली असं समजून तुम्ही मूळ कार्ड पुसून टाकता.

प्रश्न : मी डब्लिनला असते. आमच्या ग्रुपचा डेटा फ्रँकफर्टच्या डेटा सेंटरमध्ये आहे, व्हीपीएनमधून एनएफएस ४.२ नं माउंट करते. पिंग २५ मिलिसेकंद, लाइन ५०० मेगाबिट. आरसाइझ १०४८५७६ दिसतो, तरी मोठी फाइल वाचताना ५ एमबी प्रति सेकंदाच्या वर काटा हलत नाही. — एक वाचिका

तुमचे आकडे इतके बोलके आहेत, की नुसत्या भागाकारावर उत्तर मिळतं. २५ मिलिसेकंदाची फेरी, म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या. ५ एमबी भागिले ४०, म्हणजे १२८ केबी. एका फेरीत तुमच्या हाताशी १२८ केबी येत आहेत, १ एमबी नव्हे.

हे १२८ केबी कुठून आले? तुमचा प्रोग्राम एका वेळी बहुधा काही केबीच वाचत असणार. पुढचं लागेल असा अंदाज करून कर्नल आधीच मागवून ठेवतो, त्याला रीडअहेड म्हणतात. पूर्वी एनएफएसवर हा रीडअहेड आरसाइझच्या पंधरापट असायचा. २०१९ च्या ५.४ कर्नलपासून तो बाकीच्या डिस्कसारखाच १२८ केबी झाला. जवळच्या नेटवर्कवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही, लांबच्या लाइनवर हात बांधल्यासारखं होतं. आरसाइझची कमाल १ एमबी आहेच, पण तेवढं मागणारं कुणी नाही.

माझ्या शब्दावर न जाता स्वतः बघा. फाइल वाचली जात असताना दुसऱ्या खिडकीत ‘एनएफएसआयओस्टॅट’ चालवा. त्यात रीडच्या ओळीत केबी प्रति ऑप असा रकाना आहे. तारेवरून खरोखर जाणाऱ्या रिक्वेस्टचा सरासरी आकार तो. तिथे १२८ किंवा त्याहून कमी दिसेल. शेजारी सरासरी आरटीटी आणि सरासरी एक्झी असे दोन रकाने आहेत. आरटीटी म्हणजे रिक्वेस्ट निघाल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, एक्झीमध्ये निघण्याआधी तुमच्याच मशीनवर रांगेत घालवलेला वेळही येतो. एनएफएस हळू चालतं असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं आधी हे तीन रकाने बघावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यांतून जे कळतं ते माउंटच्या ऑप्शन उलटसुलट करून कधीच कळत नाही.

आता उपाय. ५०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ एमबी. २५ मिलिसेकंदात दीड एमबीहून थोडं जास्त. लाइन भरलेली राहायची तर कायम एवढा डेटा वाटेत असायला हवा. म्हणून रीडअहेड ४ एमबी करून बघा. ‘माउंटपॉइंट -डी’ला माउंटचा रस्ता दिला की ०:५२ असा काहीतरी क्रमांक मिळतो. मग रूट होऊन ‘/सिस/क्लास/बीडीआय/०:५२/रीड_अहेड_केबी’मध्ये ४०९६ लिहायचं. अनमाउंट केलं की हे पुसलं जातं. कायमचं करायचं असेल तर नव्या एनएफएस-युटिल्समध्ये ‘एनएफएसराहेड’ नावाचं साधन आहे, त्याची नोंद एनएफएस.कॉन्फमध्ये करता येते.

तुमच्या फोल्डरमध्ये हजारो लहान फाइली असतील, तर मात्र यातलं काहीही उपयोगी पडणार नाही. ३ केबीच्या फाइलीला आरसाइझ ४ केबी असला काय आणि १ एमबी असला काय. उघडणं, वाचणं, बंद करणं, या फेऱ्या चुकत नाहीत, आणि दर फेरीला २५ मिलिसेकंद. अशा फाइली तिकडेच टारमध्ये बांधा आणि एकच मोठी फाइल आणा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून सी भाषेत एनएफएस आवृत्ती ३ चा स्वतःचा क्लायंट लिहितो आहे. लहान फाइली बरोबर जातात. ३ एमबीची फाइल १ एमबीच्या तीन रिक्वेस्टमध्ये पाठवली, तिन्ही वेळा उत्तर ‘ओके’ आलं, पण सर्व्हरवर फाइल २१,६२,६८८ बाइटचीच दिसते आणि आतमध्ये शून्यंच शून्यं. सर्व्हर कॉलेजचा फायलर (फाइली साठवायचं तयार यंत्र) आहे. — एक विद्यार्थी, पणजी

तू लांबी बाइटमध्ये मोजून पाठवलीस, त्यामुळे सगळा उलगडा पत्रातच झाला. २१,६२,६८८ मधून दोन एमबी, म्हणजे २०,९७,१५२ वजा कर. उरतात ६५,५३६. तुझी तिसरी रिक्वेस्ट दोन एमबीच्या ठिकाणापासून सुरू झाली आणि तिच्यातले फक्त पहिले ६४ केबी लिहिले गेले. आधीच्या दोघींचंही तेच झालं. मधल्या न लिहिलेल्या जागा शून्यं होऊन दिसतात.

सर्व्हरनं नियम मोडलेला नाही. आरएफसी १८१३ सांगतो, की राइटमधला आकडा सर्व्हरच्या डब्ल्यूटीमॅक्सपेक्षा मोठा असेल तर सर्व्हर डब्ल्यूटीमॅक्सएवढंच लिहू शकतो. वाचतानाही तसंच, तिथे मर्यादा आरटीमॅक्सची. ‘ओके’ म्हणजे ‘तू दिलेलं सगळं लिहिलं’ असं नव्हे. उत्तरात काउंट नावाचं खातं आहे, त्यात खरोखर किती लिहिलं ते असतं. तू ते वाचत नाहीस, ऑफसेट (फाइलीत कुठून लिहायचं ती जागा) सरळ १ एमबीनं पुढे नेतोस. मोठ्या रिक्वेस्टला सगळेच सर्व्हर इतकं सबुरीनं घेत नाहीत, हेही ध्यानात ठेव. लिनक्सचा सर्व्हर आपल्या क्षमतेपेक्षा मोठा संदेश आला की जोडणीच तोडतो आणि लॉगमध्ये ‘आरपीसी फ्रॅगमेंट टू लार्ज’ लिहितो.

म्हणून पहिलं काम माउंटनंतर एफएसइन्फो विचारायचं. त्यात प्रत्येक दिशेला तीन आकडे येतात. मॅक्स म्हणजे ओलांडायचं नाही अशी सीमा. प्रेफ म्हणजे सर्व्हरला आवडणारा आकार. मल्ट म्हणजे आकार कशाच्या पटीत असावा ती सूचना. मॅक्स पाळणं सक्तीचं समज, बाकी दोन जमेल तसे पाळ.

एफएसइन्फो विचारलंस म्हणून काउंट तपासायचं टळत नाही. मर्यादेच्या आतल्या रिक्वेस्टलाही सर्व्हर कमी लिहू शकतो, उदाहरणार्थ डिस्क भरत आली असेल तेव्हा. ऑफसेट काउंटनं पुढे ने, बफरचा पॉइंटर काउंटनं पुढे ने, उरलेल्याची नवी रिक्वेस्ट पाठव, आणि संपेपर्यंत हेच कर. काउंट शून्य आला तर मात्र तसंच फिरत राहू नकोस, नाहीतर प्रोग्राम कायमचा गोल फिरेल. लिनक्सचा क्लायंट अशा वेळी ‘सर्व्हर रोट झिरो बाइट्स’ अशी नोंद करतो आणि शेवटी प्रोग्रामला एरर देतो. तूही तसंच कर. वाचताना कमी बाइट आले म्हणजे फाइल संपली असं मानू नकोस. फाइल संपल्याचं ईओएफ हे खातं सांगतं, बाइटची संख्या नव्हे. कमी बाइट आणि ईओएफ खोटं, म्हणजे पुढून पुन्हा माग.

तू कोड पाठवला नाहीस, तरी दोन जागा तपास. एक म्हणजे उत्तर घ्यायचा बफर. तो आरसाइझएवढाच धरला तर कमी पडतो, कारण डेटाच्या आधी आरपीसीचं (रिक्वेस्ट-उत्तराच्या पाकिटाचं) हेडर आणि फाइलीचे गुणधर्म येतात, आणि एक्सडीआर (डेटा मांडायची ठरलेली पद्धत) डेटाला चाराच्या पटीत नेण्यासाठी शेवटी तीन बाइटपर्यंत भर घालतं. दुसरी जागा म्हणजे टीसीपीवरचा चार बाइटचा रेकॉर्ड मार्क. त्याचा सर्वांत वरचा बिट ‘हा शेवटचा तुकडा’ असं सांगतो आणि उरलेले ३१ बिट लांबी. तो बिट लांबीतच मोजला की दोन जीबीच्या वरचा आकडा दिसतो आणि माणूस चक्रावतो.

राहिली डेटा टिकण्याची गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. राइट अनस्टेबल म्हणून पाठवलंस तर सर्व्हर ते स्वतःच्या मेमरीत ठेवूनही ओके म्हणू शकतो. डिस्कवर नक्की गेलं हे कमिटच्या (‘आता डिस्कवर लिही’ या रिक्वेस्टच्या) उत्तरानंतरच म्हणायचं. प्रत्येक राइटच्या आणि कमिटच्या उत्तरात आठ बाइटचा व्हेरिफायर येतो. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला तर तो बदलतो. कमिटचा व्हेरिफायर राइटच्या व्हेरिफायरपेक्षा वेगळा निघाला, तर मधले सगळे बाइट पुन्हा पाठवायचे. म्हणून कमिट पार पडेपर्यंत डेटा आपल्या मेमरीतून सोडायचा नाही. तुझ्या क्लायंटमध्ये सध्या राइट झालं की बफर मोकळा होत असणार. कमिटपर्यंत धरून ठेवणारी यादी आधी लिही. मग फाइल जात असताना मध्येच सर्व्हर रीस्टार्ट करून दोन्हीकडच्या चेकसम जुळतात का बघ. कॉलेजच्या फायलरवर नको, तिथे इतरांचा डेटा आहे. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्सचा सर्व्हर उभा कर, आणि त्याचा मॅक्स_ब्लॉक_साइझ मुद्दाम ८१९२ वर आणून ठेव, म्हणजे आकाराचे तुझे सगळे हिशोब तिथेच तपासले जातील.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना ‘एनएफएसस्टॅट -एम’चा पूर्ण उतारा आणि क्लायंट-सर्व्हर दोन्हीकडची कर्नल आवृत्ती जोडावी. उताऱ्यातला आयपी पत्ता खोडून टाकला तरी चालेल.